खांद्याचा धक्का, शेजारच्याचा कान: मझल ब्रेकचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या शिकाऱ्याला मी नाना म्हणेन. वय ५८, शिकारीचा तीस वर्षांचा अनुभव, आणि परवान्यात लिहिलेल्या जनावरापलीकडे कधीही बंदूक न उचललेला माणूस. दर हंगामात त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या असतो, वय २६. दुर्बिणीतून जनावर शोधायचं, अंतर सांगायचं, गोळी कुठे लागली ते पाहायचं, ही त्याची कामं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण त्यातले दोन चुकीचे निर्णय माझे होते. मी रायफल नेमबाजी शिकवतो आणि नाना सल्ल्यासाठी माझ्याकडे आले होते.

त्यांची रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नमची, बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे करावा लागणारी), डोंगर चढायला हलकी पडावी म्हणून घेतलेली. स्कोपसकट, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीसकट, वजन ३.६ किलो. हे काडतूस ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने फेकतं आणि त्यासाठी सुमारे साडेचार ग्रॅम दारू जाळतं. एवढ्या हलक्या रायफलीत खांद्यावर येणारा धक्का ३६ ज्यूलच्या घरात जातो. त्याच वजनाच्या रायफलीत .३०८ विंचेस्टर असतं तर तो २० ज्यूलच्या आसपास राहिला असता. चढताना वाचवलेला प्रत्येक ग्रॅम चाप ओढताना खांद्यावर वसूल होतो.

अडचण

दोन वर्षांपूर्वी नानांच्या उजव्या खांद्याच्या स्नायूंवर शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी नेमबाजीला हरकत घेतली नव्हती, फक्त धक्का बेताने घ्या म्हणाले होते. त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात नानांच्या दोन गोळ्या हुकल्या. तिसरी नर हरणाच्या पोटात मागच्या बाजूला लागली. रक्ताचा माग काढत काका-पुतण्या पाच तास फिरले आणि अंधार पडायच्या बेतात त्यांना ते जनावर सापडलं. माझ्याकडे आले तेव्हा नाना खांद्याबद्दल फार बोललेच नाहीत. त्या पाच तासांबद्दल बोलले. "पुन्हा असं व्हायचं असेल तर मी रायफल विकून टाकतो," म्हणाले.

मी त्यांना मैदानावर नेलं आणि जुनीच चाचणी घेतली. काडतुसं मी भरायची, अधूनमधून डमी, म्हणजे दारू नसलेलं नकली काडतूस, घालायचं, आणि कोणतं खरं, कोणतं डमी हे नानांना कळू द्यायचं नाही. दहापैकी पाच डमी होती. पहिल्या डमीला चाप ओढल्यावर नुसतं टिक् झालं आणि त्याच क्षणी नळीचं तोंड दोन बोटं खाली गेलं, खांदा पुढे ढकलला गेला, डोळे घट्ट मिटले. धक्का आलाच नव्हता, तरी शरीर त्याला सामोरं गेलं होतं. पाचपैकी चार वेळा असंच झालं. नाना स्वतः थक्क झाले. तीस वर्षं बंदूक चालवणाऱ्या माणसाला आपण बिचकतो हे मान्य करणं जड जातं, पण डमी काडतूस खोटं बोलत नाही.

एक गोष्ट मला तिथेच दिसायला हवी होती. नानांच्या कानात फोमचे इअरप्लग होते, पण अर्धवट बसवलेले, निम्मे बाहेर डोकावणारे. मी ते नीट बसवायला सांगितलं नाही.

समोर असलेले पर्याय

नाना येतानाच मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडावर बसवायचं खाचांचं नळकांडं, मनात धरून आले होते. ओळखीतल्या कुणीतरी बसवला होता आणि त्याची रायफल म्हणे आता "लहान मुलासारखी" चालते. म्हणून त्यावरच जास्त बोलणं झालं, आणि त्यामागचं तत्त्व समजून घेण्यासारखंही आहे.

गोळी सुटते तेव्हा नळीतून दोन गोष्टी पुढे जातात: गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू. वायूचं वजन कमी, पण तोंडातून सुटताना त्याचा वेग गोळीपेक्षाही जास्त असतो, सेकंदाला १२०० मीटरच्या वर. नानांच्या काडतुसात मागे येणाऱ्या एकूण रेट्यातला साधारण एक तृतीयांश वाटा या वायूचा. ब्रेक गोळीच्या वाट्याला हात लावू शकत नाही. तो वायूला खाचांमधून बाजूला आणि थोडा मागे वळवतो. वळताना वायू ब्रेकच्या आतल्या भिंतींवर आदळतो आणि रायफलीला पुढे ओढतो. म्हणून जास्त दारू जाळणाऱ्या मॅग्नम काडतुसांमध्ये ब्रेकचा गुण ठळकपणे येतो आणि लहान काडतुसांमध्ये तितका जाणवत नाही. चांगला ब्रेक धक्क्याची ऊर्जा तीस ते पन्नास टक्के उतरवतो. नळीचं तोंड वर उसळणंही कमी होतं, त्यामुळे गोळी लागताना जनावर स्कोपमध्येच दिसत राहतं. शिकारीत हा फायदा खांद्याच्या आरामापेक्षा मोठा आहे. कुठे लागली हे दिसलं तर दुसरी गोळी लगेच आणि योग्य जागी जाते.

पण जो वायू वळतो त्याच्याबरोबर आवाजही वळतो. एरवी स्फोटाचा मोठा भाग पुढे, शिकाऱ्यापासून दूर जातो. ब्रेक तोच भाग मागे आणि बाजूंना पाठवतो. अशा रायफलीचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी मुळातच १६० डेसिबलच्या आसपास असतो. ब्रेकमुळे त्यात पाच ते दहा डेसिबलची भर पडते. आकडा लहान वाटेल, पण दर सहा डेसिबलला ध्वनीचा दाब दुप्पट होतो. अशा आघाती आवाजासाठी मोठ्या माणसाच्या कानाची मर्यादा १४० डेसिबल धरतात. म्हणजे उघड्या कानाला ब्रेक नसतानाही ही रायफल घातकच आहे, ब्रेकने ती आणखी घातक होते. आणि सर्वांत जास्त मार चालवणाऱ्याला नव्हे, तर नळीच्या तोंडाच्या बाजूला बसलेल्याला बसतो. कित्येक शिकार-मार्गदर्शक ब्रेक लावलेल्या रायफलीला आपल्या बरोबर येऊ देत नाहीत, त्यामागे हेच कारण आहे. नव्वदच्या दशकात ब्राउनिंगने नळीच्या टोकाला बसणारी, नळीचं थरथरणं जुळवून अचूकता वाढवणारी बॉस नावाची जोडणी आणली. त्यात आधी वायूसाठी भोकं होती, नंतर बिनभोकांचीही आवृत्ती आली, कारण अचूकता हवी पण हा आवाज नको म्हणणारे शिकारी बरेच होते.

बाकीचे पर्याय आम्ही भराभर उरकले, आणि ती चूक झाली. सायलेन्सरने धक्काही उतरतो आणि आवाजही वीस ते तीस डेसिबलने खाली येतो. नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंड इथले शिकारी तो सर्रास वापरतात. पण नानांना त्याच्या परवानगीसाठी थांबावं लागलं असतं आणि हंगाम तोंडावर होता. दस्त्यामागे जाड रबरी पॅड, दस्त्यात थोडं वजन, कमी दारूची काडतुसं, हे सगळं बोलण्यात आलं. .३०८ घ्या, असंही मी एकदा म्हणालो. नाना म्हणाले, "या रायफलीवर माझा हात बसलाय." मी पुढे ताणलं नाही.

ब्रेक घेतल्यास कुणाला काय सोसावं लागेल, हा प्रश्न त्या बैठकीत आलाच नाही. पुतण्या शेजारीच बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

काय केलं

बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून नळीच्या तोंडाला आटे पाडून घेतले आणि काढता-घालता येणारा ब्रेक बसवला. हे काम स्वस्तात उरकण्याचं नाही. ब्रेकचं भोक नळीशी तंतोतंत एका रेषेत यावं लागतं, नाहीतर गोळी आतल्या भिंतीला घासून जाते आणि नेम बिघडतो, कधी ब्रेकच फुटतो. आम्ही सगळीकडून भोकं असलेला ब्रेक न घेता फक्त दोन्ही बाजूंना खाचा असलेला निवडला. खालच्या भोकांतून सुटणारा वायू पोटावर झोपून मारताना धूळ आणि पाचोळा उडवतो आणि नेमक्या वेळी समोरचं काही दिसेनासं होतं. हा निर्णय बरोबर ठरला. रायफल पाच सेंटिमीटरने लांबली, ८५ ग्रॅमने जड झाली.

मग पुन्हा डमीची चाचणी. नाना खूश होते, खांदा दुखत नव्हता. तरीही पाचपैकी तीन डमींना नळी खाली गेली! मला कोडं पडलं. धक्का निम्म्यावर आलेला, मग बिचकणं का जात नाही? तेव्हा कुठे माझं लक्ष कानांकडे गेलं. इअरप्लग तसेच अर्धे बाहेर होते आणि ब्रेकमुळे कानठळ्या बसत होत्या. शरीर फक्त खांद्यावरच्या धक्क्याला बिचकत नसतं, आवाजालाही बिचकतं. मी फोमचा प्लग बोटांत बारीक वळला, कान वर आणि मागे ओढून आत सरकवला, तो फुगेपर्यंत बोट लावून ठेवलं, आणि वर इअरमफ, म्हणजे अख्खा कान झाकणाऱ्या वाट्या, चढवले. दोन्ही एकत्र वापरले म्हणून संरक्षणाची बेरीज होत नाही. दोन्हींपैकी जे जास्त संरक्षण देतं त्याच्यावर साधारण पाच डेसिबल मिळतात. पण तेवढे पुरले. पुढच्या पाच डमींपैकी चार वेळा नळी जागची हलली नाही. महिन्याभरात शंभर मीटरवर तीन गोळ्या तीन सेंटिमीटरच्या आत पडू लागल्या.

मी समाधानाने वहीत नोंद केली आणि थांबलो. ब्रेक काढून, कान असेच बंद करून एकदा चाचणी घ्यायला हवी होती. ब्रेकचा गुण किती आणि कान झाकल्याचा किती, हे त्याच दिवशी कळलं असतं.

हंगामासाठी मी दोघांना साधे इअरमफ घ्यायला सांगितले. पुतण्याने नानांच्या मागे, पाठीच्या रेषेत बसायचं आणि गोळी सुटण्याआधी मफ कानावर घ्यायचे, असं ठरलं. कागदावर सगळं ठीक होतं.

डोंगरातली ती सकाळ

हे मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आणि दोघांचं सांगणं जुळतं.

पहाटे ते एका खिंडीच्या तोंडाशी बसले होते. डावीकडे उभा कडा, उजवीकडे मोठा दगड. नानांच्या मागे जमीन उतरती आणि घसरडी, म्हणून पुतण्या उजवीकडच्या त्या दगडाला टेकून बसला. बसायला ती एकच सपाट जागा होती, नळीच्या तोंडापासून दोन-अडीच मीटरवर, थोडी पुढेच. हरीण १८० मीटरवर झुडपातून बाहेर आलं. नाना कुजबुजले, "किती?" दोघांच्या कानावर मफ. पुतण्याला ऐकू आलं नाही. त्याने नानांच्या बाजूचा, म्हणजे डावा, मफ उचलून मान कलती केली. तोवर हरणाने कूस वळवली होती आणि नानांचा डोळा स्कोपवर गेला होता. नानांना त्याचा हात दिसला नाही.

गोळी छातीत बरोबर बसली. हरीण चार पावलं जाऊन कोसळलं, आणि नानांनी ते स्कोपमधून स्वतः पाहिलं. ब्रेकने जे कबूल केलं होतं ते सगळं दिलं. नाना हसत वळले. पुतण्या गुडघ्यात डोकं घालून बसला होता, डाव्या कानावर तळहात दाबून.

"काका," तो गरजेपेक्षा बराच मोठ्याने म्हणाला, "या कानाने काहीच ऐकू येत नाहीये."

कड्यावर आदळून आलेला आवाजही त्याच कानाने झेलला होता.

परिणाम

नाना म्हणाले, दडे बसलेत, तासाभरात सुटतील. असं पूर्वी त्यांनाही अनेकदा झालं होतं. जनावर सोलून, मांस बांधून उतरायला दुसरी संध्याकाळ झाली. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे ते तिसऱ्या दिवशी पोचले. डॉक्टर पहिलं वाक्य बोलले ते हेच, की अशा इजेत दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात, ४००० हर्ट्झच्या जागी खोल खड्डा होता. बंदुकीच्या आवाजाने कान गेला की बहुधा तिथेच जातो. त्या पट्टीचे सूर टिपणाऱ्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. स्टेरॉइडचा कोर्स झाला. तीन महिन्यांनी खड्डा बराच भरला, पूर्ण नाही. कानातली शिट्टी मात्र राहिली. दिवसा ती कामात विसरली जाते. रात्री खोली शांत झाली की सुरू होते, म्हणून पुतण्या अजून पंखा लावून झोपतो, थंडीतसुद्धा.

तपासणी नानांचीही झाली. त्यांच्या डाव्या कानाचं नुकसान उजव्यापेक्षा जास्त निघालं. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. ते नुकसान त्या एका सकाळचं नव्हतं, तीस वर्षांचं होतं. शिकारीत एखाद-दुसरीच गोळी सुटते, तेवढ्याने काय होतंय, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन ऑडिओग्राम दाखवावेत असं मला वाटतं.

ब्रेक शिकारीतून काढला. काढल्याबरोबर शंभर मीटरवर गोळी पाच सेंटिमीटर वर आणि किंचित उजवीकडे लागू लागली. टोकावरचं वजन बदललं की नळीचं थरथरणं बदलतं, म्हणून असं होतं. मैदानावर ब्रेक लावून सराव करायचा आणि डोंगरात काढून जायचं, असं करणाऱ्यांनी ब्रेक काढल्यावर पुन्हा झीरो केल्याशिवाय, म्हणजे स्कोप गोळीच्या जागेशी जुळवून घेतल्याशिवाय, जनावरावर नेम धरू नये.

मग मी राहिलेली चाचणी घेतली. ब्रेक नाही, कान दोन थरांनी बंद: पाचपैकी दोन डमींना नळी खाली गेली. सुरुवातीला चारदा गेली होती. नुसते कान नीट झाकून निम्मं काम झालं असतं. शेवटी नानांनी साडेचार किलोची .३०८ घेतली, जाड पॅडसह. पाचही डमींना नळी स्थिर राहिली.

आज पुन्हा ठरवायचं झालं तर

पहिला प्रश्न मी वेगळा विचारेन: नाना, तुम्ही जास्तीत जास्त किती लांबून मारता? हा प्रश्न मी सगळं घडून गेल्यावर विचारला. त्यांनी जुन्या डायऱ्या काढल्या. दहा वर्षांतलं सर्वांत लांबचं अंतर २४० मीटर निघालं. तेवढ्यावर त्या आकाराच्या हरणाला .३०८ भरपूर आहे. जी ताकद कधी लागलीच नव्हती, तिचा धक्का उतरवण्यासाठी आम्ही ब्रेक लावत होतो. हात बसलाय या वाक्यापुढे मी गप्प बसायला नको होतं.

दुसरं, बिचकण्याची कारणं मी एकेक करून तपासेन. आधी कान, मग दस्त्याची लांबी आणि पॅड, मग रायफलीचं वजन. ब्रेक त्यानंतर.

ब्रेक मी सरसकट नाकारत नाही, हेही सांगितलं पाहिजे. ज्याचा खांदा खरोखर अधू आहे, ज्याला मोठ्या आणि उलटून येऊ शकणाऱ्या जनावरासाठी मोठं काडतूस लागतंच, जो एकटा शिकार करतो आणि दर गोळीला कान झाकतो, त्याला ब्रेकने चांगला नेम मिळतो. चांगला नेम म्हणजे जनावराचे हाल टळणं. नाना ज्या पाच तासांमुळे माझ्याकडे आले, ते पाच तास मी हलके मानत नाही. पण दाट झाडी, मचाणाची खोली, गाडीचा दरवाजा, कड्याचा आडोसा, अशा ठिकाणी आणि शेजारी कुणी बसलेलं असताना मी आता ब्रेकला नाही म्हणतो.

साधे मफ घ्यायला सांगणं ही माझी सर्वांत मोठी चूक. कुजबुज ऐकू येत नसेल तर माणूस मफ उचलणारच, तो दोष पुतण्याचा नाही. इलेक्ट्रॉनिक मफ बारीक आवाज मोठा करून कानात सोडतात आणि स्फोटाच्या क्षणी तो मार्ग बंद होतो. पाचोळ्यातलं पाऊलही त्यातून ऐकू येतं. ते असते तर "किती?" हा प्रश्न ऐकू आला असता आणि हात कानाकडे गेलाच नसता.

बसायची जागा मिळाली नाही तर काय करायचं, हेही आम्ही ठरवलं नव्हतं. आता ठरवलं आहे. पुतण्या नळीच्या तोंडाच्या पुढे किंवा बाजूला असेल तर नाना चापावर बोट ठेवत नाहीत. कान झाकले की पुतण्या नानांच्या पाठीवर दोनदा हात टेकवतो. हात टेकला नाही तर गोळी नाही.

गेल्या हंगामात एक मोठं नर हरीण १२० मीटरवर पूर्ण कुशीत उभं राहिलं होतं. पुतण्याच्या टोपीत मफचा पट्टा अडकला. तो सोडवेपर्यंत सात-आठ सेकंद गेले, पाठीवर हात काही टेकला नाही, आणि हरीण कड्यामागे निघून गेलं. त्या संध्याकाळी नानांचा फोन आला तेव्हा ते मला त्या हरणाची शिंगं किती रुंद होती तेच सांगत होते.